समरी, सारांश आणि खुर्दा

कांहीं परके शब्द आपल्या भाषेंत पाहुण्यासारखे येतात आणि पाहुण्यासारखेच चार दिवसांनीं निघून जातात. कांहीं मात्र ओसरीवर पथारी पसरतात आणि घरच्या माणसांनाच जरा सरकून बसण्यास सांगतात. ‘समरी’ हा इंग्रजी शब्द या दुसऱ्या जातीचा होय. पुण्यांत आज कोणत्याही कचेरींत, वर्गांत अगर दिवाणखान्यांत घटकाभर बसावें. ‘सगळें नको, समरी सांगा’ हें वाक्य कानीं पडल्यावांचून राहत नाहीं. वकील अशिलाला तें म्हणतो, संपादक लेखकाला म्हणतो, आणि हल्लीं मुलगाही बापाला म्हणतो. रुग्णालयांतून घरीं जाणाऱ्याच्या हातीं जो कागद ठेवतात त्याचें नांव ‘डिस्चार्ज समरी’. आणि फौजदारी तपासाचा कागद बंद होतो तोही बहुधा एका ‘समरी’नेंच. एवढीं कामें करणाऱ्या शब्दाची थोडी विचारपूस करणें वावगें होणार नाहीं. परंतु नुसती व्युत्पत्ति सांगण्यासाठीं मी लेखणी उचललेली नाहीं. मला विचारावयाचें आहे तें असें: एखाद्या ग्रंथाची, घटनेची किंवा माणसाची समरी करण्याचा आपणांस अधिकार कितपत आहे, आणि ती करतांना जें वगळलें जातें त्याचें आपण कांहीं देणें लागतों कीं नाहीं?

प्रथम शब्दाकडे वळूं. लॅटिन भाषेंत ‘सुम्मुस’ म्हणजे सर्वांत उंच, आणि त्यापासून निघालेला ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज. रोमन हिशेबनीस आंकडे खालून वर मिळवीत जात आणि एकूण रक्कम माथ्यावर मांडीत. म्हणून माथा आणि बेरीज या दोहोंना एकच शब्द झाला, असें सांगतात. पुढें इंग्रजींत या शब्दाला दोन अंगें फुटलीं. नाम म्हणून त्याचा अर्थ ‘थोडक्यांत मांडलेला मजकूर’. विशेषण म्हणून ‘नेहमींच्या विधीचा विस्तार न करितां उरकलेला’. पहिला अर्थ निरुपद्रवी वाटतो व दुसरा जरा धारदार. पण दोन्ही एकाच पोटचे आहेत हें विसरूं नये. जेथें जेथें कोणी आपणांस समरी देतो, तेथें तेथें त्यानें कांहीं तरी आधींच उरकून टाकलेलें असतें.

आपल्या भाषेंत या एका शब्दाच्या जागीं निदान सात शब्द होते, आणि त्यांतील प्रत्येकाचें काम निराळें होतें. ‘संक्षेप’ म्हणजे पसरलेलें एकत्र टाकणें. ‘समास’ म्हणजेही एकत्र करणेंच; त्याच्या उलट ‘व्यास’, म्हणजे विस्तार. रामदासांनीं दासबोधाच्या दोनशें लहान प्रकरणांना समास हेंच नांव दिलें. ‘तात्पर्य’ म्हणजे वक्त्याचा रोख ज्या दिशेला आहे ती दिशा. ‘सिंहावलोकन’ म्हणजे चालतां चालतां थांबून सिंहानें मागें टाकलेली नजर. त्यांत चाललेल्या वाटेचा अनुभव गृहीत आहे. ‘विहंगावलोकन’ म्हणजे पक्ष्यानें वरून घेतलेलें दर्शन. त्यांत वाट चालण्याची अट नाहीं. आणि ‘सारांश’ हा तर मोठा प्रामाणिक शब्द आहे. त्यांत ‘सार’ आहे आणि ‘अंश’ही आहे. हें सार आहे खरें, पण अंशच आहे, अशी कबुली शब्दाच्या पोटांतच देऊन ठेवलेली आहे.

सातवा शब्द ‘गोषवारा’. हा फारसीचा. मुळांत ‘गोशवारा’ म्हणजे कानांतील भूषण. ‘गोश’ म्हणजे कान. तेथून तो जमाखर्चाच्या कागदांत उतरला आणि हिशेबाचें संक्षिप्त टिपण असा अर्थ पावला. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनें तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशानें अनेक फारसी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द आणून बसविले. तरी गोषवारा मराठींतून हलला नाहीं. पेशवाई गेली, इंग्रजी गेली, आणि महसुलाच्या व अंदाजपत्रकाच्या कागदांत गोषवारा अजून आहे. कानाच्या भूषणाला हिशेबाचा अर्थ मिळाला यांत मला तरी एक औचित्य दिसतें. सगळी वही वाचण्यास धन्याला वेळ नसतो. त्याच्या कानावर घालावयाचें तेवढें वेगळें काढावें लागतें. मात्र कानांत घातलेला दागिना ऐकू येण्याला मदत करतो असें नाहीं!

आतां पूर्वपक्ष नीट मांडला पाहिजे, कारण तो दुबळा नाहीं. आयुष्य थोडें आणि विद्या अपार. जो संक्षेपाला नांवें ठेवील त्यानें शास्त्राचें नांव घेऊं नये. आपल्या सूत्रकारांनीं तर अर्धी मात्रा वांचविण्यांतही आनंद मानला. भट्टोजी दीक्षितांची सिद्धान्तकौमुदी ज्यांना पेलली नसती अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुलांना त्यांचाच शिष्य वरदराज याच्या लघुकौमुदीनें व्याकरणाच्या दारांत नेऊन सोडलें. रामायणाच्या आरंभीं नारद वाल्मीकीला सगळी कथा सुमारें शंभर श्लोकांत सांगतो, आणि त्या संक्षेपांतूनच पुढें महाकाव्य उगवतें. महाभारतानें आपली समरी दुसऱ्यावर सोंपविली नाहीं; आदिपर्वांतील अनुक्रमणी आणि पर्वसंग्रह हीं प्रकरणें म्हणजे ग्रंथानें स्वतःच करून ठेवलेला गोषवारा होय. जाणत्यांना एखादी गोष्ट थोडक्यांत आणि विस्तारानें अशी दोन्ही रीतींनीं धारण करणें आवडतें, असा अभिप्रायही तेथेंच आलेला आहे. या पर्वसंग्रहाचा उपयोग किती झाला हें पुण्याच्या लोकांना तरी सांगावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखालीं महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व 1933 सालीं पुरें झालें आणि संपूर्ण काम 1966 सालीं संपलें. प्रक्षेपांच्या त्या रानांत वाट काढतांना, कोणत्या पर्वांत किती अध्याय व किती श्लोक आहेत हें सांगणारी ती जुनी मोजदाद संपादकांच्या हातीं ताडून पाहण्याचें एक साधन म्हणून होती. थोडक्यांत लिहून ठेवलेलें असें विस्ताराचें रक्षण करतें.

रोमन इतिहासकार लिव्ही याचीही हीच कथा. त्याच्या एकशें बेचाळीस खंडांपैकीं पस्तीसच आज हातीं आहेत. उरलेल्यांत काय होतें हें आपणांस बहुतेक कळतें तें कोणा अनामिकानें करून ठेवलेल्या त्रोटक सारांशांवरून. त्या माणसानें आळसानें कां होईना ते चार चार ओळींचे सारांश लिहिले नसते, तर तेवढेंही राहिलें नसतें. म्हणून संक्षेप हा दोष आहे असें माझें म्हणणें मुळींच नाहीं.

पण त्याच नाण्याची दुसरी बाजू आहे. सम्राट जस्टिनियन यानें 533 सालीं रोमन कायदेपंडितांच्या मतांचा एक ‘डायजेस्ट’ सिद्ध करविला. सुमारें दोन हजार ग्रंथांतल्या तीस लाख ओळी दीड लाखांवर आणल्या, असा त्याच्या दरबारचा हिशेब आहे. काम प्रचंड, आणि त्याचा उपयोगही प्रचंड झाला. मात्र त्यानंतर मूळ ग्रंथ कोणाला लागेनासे झाले. जे लागत नाहींत ते कोणी उतरून घेत नाहीं, आणि जे उतरून घेत नाहींत ते नष्ट होतात. त्यांतील बहुतेक आज नाहींत. आपल्या अप्पा बळवंत चौकांत परीक्षेच्या दिवसांत मुलें दुकानावर जाऊन ‘डायजेस्ट’ मागतात, तेव्हां मला त्या सम्राटाची आठवण होते. पाठ्यपुस्तक कोरें करकरीत राहतें आणि डायजेस्टाच्या कडा झिजतात. एकच साधन एके ठिकाणीं मूळ वस्तूचें रक्षण करतें आणि दुसरे ठिकाणीं तिचा घास घेतें, हें कशामुळें होतें? माझ्या मतें उत्तर सोपें आहे. जो संक्षेप मूळाकडे बोट दाखवितो तो रक्षक, आणि जो मूळाच्या जागेवर जाऊन बसतो तो भक्षक.

हिशेबांतील गोषवाऱ्याला ही भीति कमी असते, आणि त्याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. रोजकीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून गोषवारा. ज्याला शंका असेल त्यानें उलट पावलीं रोजकीर्दीपर्यंत जावें. शिवाय गोषवाऱ्यांत कोणतीही रक्कम खरोखर गळत नाहीं. पांच रुपयांच्या नोंदीचें नांव जातें, पण ते पांच रुपये बेरजेंत कोठें तरी जिवंत असतात. गोष्टीच्या, वादाच्या किंवा माणसाच्या सारांशांत असें होत नाहीं. तेथें जें वगळलें तें बेरजेंत मिळालेलें नसतें, तें नुसतें गेलेलें असतें. तरीही आपण अशा सारांशाला हिशेबाची अब्रू देतों आणि ‘एकूण काय तर’ असें म्हणून मोकळे होतों. हा पहिला भ्रम.

हा भ्रम माझ्या ध्यानीं आला तो एका विद्यार्थ्यामुळें. कांहीं वर्षें मी मराठी शिकवीत होतों. उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश लिहा, हा प्रश्न परीक्षेच्या नित्यपाठांतला. एकदां दुष्काळावरील उतारा दिला होता. गांवची विहीर आटते, पंचायतींत भांडण होतें, शेवटीं तालुक्याहून पाण्याचा टँकर येतो. मध्यें कोठें तरी एक म्हातारी रोज सकाळीं कोरड्या विहिरीच्या कांठावर येऊन रिकामी घागर ठेवून बसते, असें दोन वाक्यांत होतें. सर्वांनीं ती म्हातारी गाळली. एका हुशार मुलाला मीं विचारलें, ‘आजी कोठें गेली रे?’ तो म्हणाला, ‘सर, ती गोष्टींत कांहीं करीतच नाहीं.’ त्याला मीं पूर्ण गुण दिले, कारण प्रश्नाच्या नियमानें त्याचेंच बरोबर होतें. पण घरीं जातांना मला तें वाक्य सोडीना. जी कांहीं करीत नाहीं, जिच्यावर सगळें गुदरतें, ती प्रथम गळते. सारांश हा कर्त्यांचा असतो. सोसणाऱ्यांना त्यांत जागा मिळत नाहीं. आणि मीं तीस मुलांना वर्षानुवर्षें हेंच गाळण्याचें कौशल्य शिकवीत आलों होतों.

दुसरा भ्रम असा कीं, सारांश म्हणजे कोणाचेंही मत नव्हे, ती नुसती वस्तुस्थिति. आपल्या मीमांसकांना हा भ्रम नव्हता. ग्रंथाचें तात्पर्य काढणें हें जोखमीचें काम आहे हें ओळखून त्यांनीं त्याला कसोट्या घालून दिल्या: आरंभ आणि शेवट जुळतात काय, पुन्हां पुन्हां कशाचा उच्चार होतो, नवें असें काय सांगितलें आहे, फळ कोणतें, प्रशंसा कोणाची आणि युक्तिवाद कशासाठीं. लोकमान्यांनीं 1915 सालीं प्रसिद्ध केलेल्या गीतारहस्याच्या आरंभींच या कसोट्यांचा परामर्श घेतला आहे, आणि त्याच कसोट्या लावून त्यांनीं गीतेचें तात्पर्य कर्मयोग असें काढलें. त्यांच्या पूर्वीच्या आचार्यांनीं तीच गीता वाचून कोणी ज्ञान म्हटलें, कोणी भक्ति म्हटलें. सातशें श्लोकांचा रोख कोणता हें एका वाक्यांत सांगतां यावें यासाठीं टिळकांना शेंकडों पृष्ठें लिहावीं लागलीं, हें मला त्या ग्रंथाचें सर्वांत बोधप्रद लक्षण वाटतें. ज्याला प्रामाणिकपणें एक वाक्य लिहावयाचें आहे त्यानें तें वाक्य कसें निघालें याची जबानी देण्यास तयार असलें पाहिजे. आपण मात्र वाक्य मागतों आणि जबानी नको म्हणतों.

येथवर प्रश्न ग्रंथांचा होता. परंतु समरीचा खरा अंमल माणसांवर चालतो तो कायद्याच्या प्रांतांत. आमच्या महाराष्ट्रांत या शब्दाचा एक इतिहास आहे. पेशवाई बुडाल्यावर इनामांच्या हक्कांची तपासणी सुरू झाली. 1852 च्या कायद्यानें इनाम कमिशनाला अधिकार मिळाले, आणि पुण्यांतील पेशवे दफ्तराचे रुमाल त्यासाठीं सोडले गेले. घरोघरच्या सनदा बाहेर निघाल्या, ज्यांना कागद दाखवितां येईना त्यांच्या जमिनी धोक्यांत आल्या. पुढें 1863 सालीं दोन कायदे झाले, त्यांना लोक ‘समरी सेटलमेंट’ म्हणूं लागले: सरकारनें मूळ हक्काची चौकशी सोडावी आणि इनामदारानें दरसाल ठराविक रक्कम देण्याचें मान्य करावें. येथें समरी ही सुटका होती. चौकशीच जेव्हां जुलूम होते तेव्हां चौकशी न करणें हीच दया ठरते. विस्तार नेहमींच न्यायाच्या बाजूचा असतो असें समजूं नये.

फौजदारी कायद्यांतील ‘समरी ट्रायल’चें तत्त्व तर मला फार शहाणपणाचें वाटतें. किरकोळ गुन्ह्यांत मॅजिस्ट्रेटानें पुराव्याचा विस्तार न लिहितां त्याचा आशय टिपावा, थोडक्यांत कारणें द्यावीं आणि निकाल करावा. परंतु अशा रीतीनें चालविलेल्या खटल्यांत तीन महिन्यांहून अधिक कैद देतां येत नाहीं. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेंत हें बंधन होतें, आणि 2024 च्या जुलैपासून तिच्या जागीं आलेल्या नव्या संहितेंतही तें कायम आहे. चौकशी थोडी तर शिक्षाही थोडी. ज्यानें ही मर्यादा घातली त्याला समरी या वस्तूचें मर्म कळलें होतें. लांब न ऐकतां ज्याचा निकाल केला त्याला लांब बांधून ठेवण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

हा नियम कोर्टाबाहेर कोण पाळतो? आपण एखाद्या माणसाचें पांच मिनिटांचें वागणें पाहतों, किंवा त्याच्याविषयीं दुसऱ्यानें केलेली दोन वाक्यांची समरी ऐकतों, आणि त्याला जन्मठेप देतों. ‘तो ना? चिक्कू आहे.’ ‘ती? भांडकुदळ.’ आळीतल्या प्रत्येकाची अशी एक समरी प्रत्येकाजवळ तयार असते, आणि तिच्यावर अपील नसतें. खटला समरीचा आणि शिक्षा सेशनची, असा हा आपला रोजचा न्याय आहे.

आणखी एक समरी महाराष्ट्रांतील पोलिसांच्या व्यवहारांत आहे, आणि ती येथील ज्या कुटुंबाच्या वांट्याला आली त्याला तिचा अर्थ समजावून सांगावा लागत नाहीं. तपास संपून आरोपपत्र ठेवण्याजोगें कांहीं हातीं लागलें नाहीं, म्हणजे अखेरचा अहवाल मॅजिस्ट्रेटाकडे जातो. गुन्हा खरा पण गुन्हेगार सांपडत नाहीं, तर ‘ए समरी’. तक्रार खोटी आणि द्वेषानें केलेली, तर ‘बी समरी’. खरीही नव्हे आणि खोटीही नव्हे, गैरसमजाची किंवा दिवाणी स्वरूपाची, तर ‘सी समरी’. एका अक्षरांत एका घराची सर्व कहाणी! ‘ए’ आणि ‘बी’ यांत वर्णमालेंत एका पायरीचें अंतर. पण पहिल्या अक्षरानें तक्रारदार दुर्दैवी ठरतो, दुसऱ्यानें तो लबाड ठरतो आणि त्याच्यावरच खटला होऊं शकतो. हें अक्षर लिहिणारा माणूस दुष्टच असतो असें नाहीं. त्याच्या टेबलावर कागदांचा डोंगर असतो आणि डोंगराला अक्षरें लागतात. कायद्यानेंही येथें एक खिडकी ठेवलेली आहे. 1985 सालीं सर्वोच्च न्यायालयानें भगवंत सिंग याच्या खटल्यांत असें ठरविलें कीं, असा अहवाल स्वीकारून प्रकरण बंद करण्यापूर्वीं मॅजिस्ट्रेटानें मूळ खबर देणाऱ्यास नोटीस देऊन त्याचें म्हणणें ऐकलें पाहिजे. ज्याच्या दुःखाची समरी झाली त्याला ती मान्य आहे काय, हें एकदां तरी विचारा, एवढाच याचा अर्थ. यापेक्षां मोठें नीतितत्त्व या विषयांत मला अद्याप सांपडलेलें नाहीं.

वरून पाहणाऱ्याला सगळें दिसतें अशी एक समजूत आहे. पर्वतीच्या माथ्यावरून पुणें शहर एका दृष्टिक्षेपांत येतें. त्याच टेकडीवरून 5 नोव्हेंबर 1817 रोजीं दुसऱ्या बाजीरावानें खडकीची लढाई पाहिली असें सांगतात. विहंगावलोकनाची याहून चांगली जागा मिळाली नसती. रणांगणावर असलेल्या शिपायाला आपल्यापुढचा धूर तेवढा दिसत असेल. पेशव्याला संबंध लढाई दिसली, आणि त्या दिसण्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं. समग्र दिसणें आणि सत्य कळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. उंची वाढते तसतसें क्षेत्र वाढतें आणि माणसें लहान होतात. कांहीं उंचीनंतर तीं दिसेनाशींच होतात. सिंहाचें अवलोकन यापेक्षां बरें, कारण तो त्याच जमिनीवर उभा असतो आणि त्याच्या पायांना त्याच वाटेचे कांटे बोंचलेले असतात.

आज तर समरी करण्यासाठीं माणूसही लागत नाहीं. दोनशें पानांचा अहवाल यंत्राच्या पुढें टाकावा आणि डोळ्याचें पातें लवतें न लवतें तों दहा ओळी हातीं घ्याव्या. त्या ओळी पुष्कळदां चांगल्या असतात, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या ओळींपेक्षां शुद्ध असतात. त्यांची टवाळी करण्यांत मला रस नाहीं. माझी अडचण निराळी आहे. विद्यार्थ्याला मीं ‘आजी कोठें गेली’ असें विचारूं शकलों, आणि तो क्षणभर ओशाळला. यंत्राला विचारलें तर तें पुढच्या ओळींत आजीला आणून बसवील. पण तिला गाळल्याचा भार त्याला नव्हता, आणि ती परत आल्याचा आनंदही नाहीं. तो भार मग कोणाचा? ज्यानें समरी मागितली आणि तिच्यावर विसंबून निर्णय केला त्याचा. यंत्र आलें म्हणून जबाबदारी कमी झाली नाहीं. ती लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून उतरून वाचणाऱ्याच्या खांद्यावर बसली, आणि वाचणाऱ्याला अजून त्याची खबर नाहीं.

मग करावें काय? संक्षेप सोडतां येत नाहीं, आणि सोडूंही नये. परंतु वरील उदाहरणांतूनच तीन ऋणें निघतात, आणि तीं ज्यानें त्यानें फेडावीं असें मला वाटतें. मूळाकडे जाण्याची वाट उघडी ठेवावी, हें पहिलें. ज्या माणसाची किंवा ज्याच्या दुःखाची समरी करावयाची त्याला ती एकदां ऐकवावी, हें दुसरें. आणि थोडक्या ऐकण्यावर मोठा निकाल देऊं नये, हें तिसरें. तरीही एक शंका उरते. हीं तिन्ही ऋणें फेडूनही कांहीं तरी गळणारच, त्याचें काय?

येथें मला पुण्याच्याच इतिहासांतील एक कागद आठवतो. 14 जानेवारी 1761 रोजीं पानिपत झालें. त्याची पहिली स्पष्ट वार्ता, उत्तरेच्या वाटेवर असलेल्या नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रांतून कळली, ही गोष्ट महाराष्ट्रांतील मुलामुलाला ठाऊक आहे. पत्राची भाषा पेढीची होती. दोन मोत्यें गेलीं, सत्तावीस मोहरा गेल्या, आणि रुपये व खुर्दा किती गेला त्याची मोजदाद लागत नाहीं, असा त्याचा आशय. एवढ्या मोठ्या संहाराचा हा गोषवारा. पुष्कळ दिवस मला त्या पत्राचा राग येत असे. विश्वासराव आणि भाऊसाहेब हे मोत्यें, मोठे सरदार ह्या मोहरा, आणि जे हजारों शिपाई, बाजारबुणगे, यात्रेकरू व बायामाणसें त्या मैदानांत आणि त्यानंतरच्या पळापळींत मेलीं तीं म्हणजे खुर्दा! माझ्या वर्गांतली म्हातारी गळाली ती याच रीतीनें, असें वाटे.

शिवाय त्या समरींतील मोत्यांविषयींचीही नोंद सर्वांना पटली नाहीं. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनीं ती कधींच स्वीकारली नाहीं; त्यांनीं अखेरपर्यंत वैधव्य पत्करलें नाहीं. पुढें भाऊसाहेब म्हणून एक तोतया उभा राहिला, त्यानें राज्यांत खळबळ उडविली, आणि 1776 सालीं त्याला देहान्त शासन झालें तेव्हांच तें प्रकरण मिटलें. कारभाऱ्यांच्या वहींत जी रक्कम कधींच खर्चीं पडली होती ती एका बाईनें आपल्या वहींत शिल्लक ठेवली होती. तिची समजूत चुकीची होती, असें इतिहास सांगेल. पण तिला विचारल्याशिवाय खातें बंद झालें होतें, हेंही खरें.

मात्र अलीकडे त्या पत्राविषयींचें माझें मत पालटलें आहे. त्या सावकाराला वाटेंत पत्र पकडलें जाण्याची भीति होती, वेळ नव्हता, आणि बातमी अशी होती कीं ती सरळ शब्दांत लिहवली नसती. अशा स्थितींत त्यानें तिसरी ओळ गाळली असती तर त्याला कोणी दोष दिला नसता. पेशव्यांचें लक्ष मोत्यांकडे होतें; खुर्द्याची चौकशी त्यांनीं पत्रांतून तरी केली नसती. पण ज्याचा जन्म जमाखर्चांत गेला त्या माणसाच्या हातून, जें गेलें तें गेलेंच नाहीं असा कागद निघेना. बेरीज लागत नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें. हिशेबनिसाला याहून नामुष्कीची कबुली नाहीं, आणि समरी करणाऱ्याला याहून मोठी सचोटी नाहीं. त्या एका ओळीमुळें आज अडीचशेंहून अधिक वर्षांनंतरही, पानिपत म्हटलें कीं मोत्यांच्या मागें उभे असलेले ते अनाम लोक आपल्या मनांत येतात.

सारांश लिहिणाऱ्यानें फार कांहीं करावें असें माझें मागणें नाहीं. सार लिहावें, अंश आहे हें विसरूं नये, आणि शेवटीं एक ओळ खुर्द्यासाठीं राखावी. मी आतां शिकवीत नाहीं. शिकवीत असतों तर एक तृतीयांशाची मर्यादा मुलांना तशीच ठेवली असती. परंतु उताऱ्याखालीं एवढेंच आणखी लिहावयास लावलें असतें कीं, यांत जी आली नाहीं तिचें नांव सांगा.